वादळाची वर्दी आणि माळव्याचे पठार

धार जिल्ह्याच्या सरदारपूर तहसिलीत, राजगडच्या कसब्याला लागून, मोहनखेडा नावाचे जैनांचे प्रख्यात तीर्थक्षेत्र आहे. ‘अभिधान राजेंद्र’ हा प्राकृत शब्दांचा सात खंडांचा कोश ज्यांनी सिद्ध केला, त्या आचार्य राजेंद्रसूरींनी हे तीर्थ स्थापिले; १९०६ साली राजगड येथे त्यांनी देह ठेवल्यावर अंत्यसंस्कारही येथेच झाले, आणि तेव्हापासून दर पौष शुद्ध सप्तमीस येथे यात्रेकरूंची दाटी होते. समुद्र येथून शेकडो कोस दूर. याच परिसरात उगम पावणारी मही नदी मोठा वळसा घेऊन खंबातच्या आखाताला मिळते, एवढाच काय तो या भूमीचा सागराशी प्रत्यक्ष संबंध म्हणावयाचा. परंतु श्रावण-भाद्रपदात बंगालच्या उपसागरात जन्मलेले अवदाब ओडिशा, छत्तीसगड व मध्य प्रदेश ओलांडीत पश्चिमेकडे सरकतात आणि माळव्याच्या काळ्या जमिनीवर आपले उरलेसुरले सारे पाणी रिते करतात, हे ज्याने पाहिले आहे, त्याला वादळ ही फक्त किनाऱ्यावरच्या लोकांची मिरास वाटणार नाही. वादळाची आगाऊ वर्दी देण्याच्या विद्येचा इतिहास मात्र नेहमी बंदरावरून लिहिला जातो. तो या पठारावर उभे राहून पाहिला, तर त्याचे एक निराळेच अंग दिसू लागते: वर्दी आधी जहाजाला मिळाली, मग व्यापाऱ्याला, मग सरकारला, आणि शेतकऱ्याच्या कानापर्यंत ती आली ती सर्वांच्या शेवटी.

पावसाची जाणीव ठेवून आयुष्याची आखणी करण्याची येथली सर्वांत जुनी रीत साधूंची. आषाढ शुद्ध चतुर्दशीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत जैन मुनींनी विहार थांबवून एकाच ठिकाणी राहावयाचे, कारण पावसाने ओल्या झालेल्या भूमीवर उगवणारे व वळवळणारे असंख्य जीव पायाखाली येतात. या नियमात भाकिताला स्थानच नाही, आभाळ कोरडे असो की भरून आलेले असो, तिथी आली की पाय थांबले. पंचांगाने चालणाऱ्याला आभाळ फसवू शकत नाही. शेतकऱ्याला ही सोय नाही, कारण त्याने तिथी पाहून पेरले आणि पावसाने पंधरा दिवस दडी मारली, तर बियाणेही गेले आणि सालही गेले.

म्हणून भाकित हवे; आणि भाकितापूर्वी मोजमाप हवे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात प्रदेशवार पर्जन्याची मापे दिली आहेत, त्यांत अश्मक देशाला, म्हणजे गोदावरीच्या आपल्या खोऱ्याला, साडेतेरा द्रोण व अवंतीला तेवीस द्रोण असे सांगून अपरान्ताचा, म्हणजे कोकणाचा, पाऊस अमित म्हणून सोडून दिला आहे. माळव्यावर दक्षिणेतून आलेल्या पवार, होळकर, शिंद्यांच्या मराठी मंडळींना हे पठार सुकाळाचे का वाटले असेल, याचे उत्तर त्या दोन आकड्यांत बरेचसे आहे. पुढे सहाव्या शतकात याच अवंतीच्या वराहमिहिराने बृहत्संहितेत मेघांच्या ‘गर्भा’चे शास्त्र मांडले: हिवाळ्यात वारा, ढग, विजा व खळे या लक्षणांनी मेघ गर्भ धरतो आणि १९५ दिवसांनी तो प्रसवतो, पाऊस मोजण्यासाठी हातभर रुंदीचे कुंड ठेवावे, त्यात पन्नास पळे पाणी साचले तर एक आढक. आज हे गणित कोणी मानू नये, परंतु त्यामागचा एक आग्रह मोलाचा आहे. जो दैवज्ञ रात्रंदिवस सावध राहून ही लक्षणे पाहतो, त्याचेच बोलणे पावसाच्या बाबतीत खोटे ठरत नाही, असे वराहमिहिर म्हणतो. म्हणजे वाणीला वजन येते ते अखंड निरीक्षणाने, हे त्याला पक्के ठाऊक होते. त्याच ग्रंथाच्या ‘सद्योवर्षण’ अध्यायात लवकरच येणाऱ्या पावसाची जी चिन्हे आहेत, त्यांतली अंडी तोंडात धरून स्थलांतर करणारी मुंगी तर धारच्या काय आणि साताऱ्याच्या काय, कुठल्याही खेड्यातल्या म्हाताऱ्याच्या तोंडी आजही ऐकू येते.

संस्थानी काळात ही विद्या गावच्या जोशाच्या हाती आली होती. पाडव्याला त्याने पंचांग वाचावे, वर्षाचा राजा कोण, मंत्री कोण, मेघांचा अधिपती कोण हे सांगावे, मृगाचे वाहन बेडूक निघाले की ऐकणाऱ्यांनी सुखावावे आणि पुढे एखाद्या नक्षत्राचे वाहन गाढव निघाले की माना हलवाव्यात, हा सोहळा धार-देवासच्या मराठी घरांत जसा होई, तसाच तो सहदेव-भाडळीची वचने पाठ असलेल्या दक्षिणेतही होई. त्याचे शास्त्रीय मूल्य शून्य धरले, तरी जोशीबुवांच्या दोन गोष्टी नंतरच्या शास्त्रज्ञांना फार दिवस साधल्या नाहीत: ते ऐकणाऱ्याच्या बोलीत बोलत, आणि भाकित फसल्यावर त्यांना त्याच गावात, त्याच लोकांसमोर, वर्षाचे बलुते मागावयास जावे लागे. मात्र अकस्मात येणाऱ्या वादळापुढे त्यांच्यापाशी काहीही नव्हते. उद्या संध्याकाळी आभाळ फाटणार आहे, हे सांगणारे कोष्टक कोणत्याच पंचांगात नव्हते.

ते जमायला तार यावी लागली. वादळापेक्षा वेगाने जाणारी बातमी असल्याशिवाय वादळाची वर्दी संभवतच नाही, आणि अशी बातमी विजेच्या तारेनेच नेली. हिंदुस्थानात तारेचे जाळे १८५४ नंतर पसरले. पण तिचा हवामानाकडे उपयोग करण्याची बुद्धी सुचण्यासाठी ५ ऑक्टोबर १८६४ चे कलकत्त्याचे तुफान व्हावे लागले. हुगळीच्या मुखातून चढलेल्या समुद्राने त्या दिवशी हजारोंनी माणसे गिळली, बंदरातील जहाजे नांगर तोडून काठावर चढली, आणि दुसऱ्याच वर्षी कलकत्ता बंदरासाठी वादळाची सूचना देण्याची व्यवस्था अमलात आली. १८७५ मध्ये हेन्री ब्लॅनफर्ड यांच्या हाताखाली साऱ्या देशाचे हवामान खाते उभे राहिले. पश्चिम किनाऱ्याची पाळी १८८० मध्ये आली. मुंबई, कराची, रत्नागिरी, वेंगुर्ले, कारवार, कुमठे या बंदरांना तारेने इशारे मिळू लागले.

या इशाऱ्याचे दृश्य रूप जवळून पाहण्याजोगे आहे. बंदरावर एक उंच स्तंभ, त्याला आडवी दांडी, दिवसा त्या दांडीवर काळे शंकू आणि नळकांडी निरनिराळ्या मांडणीने चढवावयाची, रात्री त्यांच्या जागी तांबडे व पांढरे दिवे. पहिल्या क्रमांकाची खूण दूर समुद्रात काही शिजत असल्याची, तिसरी बंदरावरच वाऱ्याचे झपाटे येणार असल्याची, आणि दहावी तुफान माथ्यावर येऊन ठेपल्याची. कोकणच्या दर्यावर्दी माणसाने हे सारे शास्त्र आपल्या बोलीत ‘बावटा’ या एका शब्दात घालून घेतले. ‘तीन नंबरचा बावटा लागलाय’ एवढे म्हटले की होडी वर ओढली जाते. त्यासाठी वायुभार म्हणजे काय हे कोणी विचारीत नाही. या मांडणीत अकरावी एक खूण आहे, तिचा अर्थ असा की इशारा देणाऱ्या केंद्राशी संबंध तुटला आहे, परंतु स्थानिक अधिकाऱ्याला हवामान बिघडण्याचे भय वाटते. ज्याने ही खूण योजिली, तो अधिकारी मोठा अनुभवी असला पाहिजे. शास्त्र मुके होते त्या घटकेला काठावरच्या माणसाला स्वतःच्या जबाबदारीने बोलण्याची मुभा, किंबहुना कर्तव्यच, त्याने नियमात घालून ठेवले.

बावटा लागला म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी ‘वैतरणा’ ही आगबोट, विजेच्या दिव्यांमुळे लोक जिला ‘विजळी’ म्हणत, कच्छच्या मांडवीहून द्वारकेमार्गे मुंबईस निघाली; तिच्यावर लग्नाची वऱ्हाडे होती आणि मुंबई विद्यापीठाच्या परीक्षेला निघालेली मुले होती. खवळलेल्या समुद्रामुळे पोरबंदरला ती लागू शकली नाही, पुढे गेली ती गेलीच. सातशेहून अधिक माणसांपैकी कोणीही परतले नाही. पोरबंदरच्या प्रशासकाने कप्तानाला पुढे न जाण्याविषयी बजावले होते, अशी दंतकथा सौराष्ट्रात आहे. तिचे खरेखोटे करण्याची गरज नाही. प्रत्येक मोठ्या बुडण्यामागे न ऐकलेला एक इशारा लोक शोधतातच.

आता माळव्याकडे वळावयाचे, तर या सगळ्या काळात तारेचे खांब आग्रा-मुंबई रस्त्याच्या कडेने देवास, इंदूर, महू करीत घाटाखाली उतरत होते. त्यांतून अफूच्या भावाच्या, फौजेच्या हालचालींच्या, साहेबांच्या बदल्यांच्या बातम्या जात. हवेचे आकडेही जात, कारण १८७८ पासून सिमल्याहून रोजचा हवामान-अहवाल निघू लागला होता. परंतु पठारावर बावटा लावावयाचा कोठे आणि कोणासाठी? वादळाने बुडेल असे भांडवल येथे दिसत नव्हते. शेतकऱ्याचे भांडवल जमिनीत पुरलेले असते, आणि ते बुडताना आवाज होत नाही.

त्या शेतकऱ्यासाठी म्हणून सरकारने जे भाकित सुरू केले, ते वादळाचे नव्हते, पावसाळ्याचे होते. १८७७ च्या दुष्काळाने हादरलेल्या ब्लॅनफर्ड यांनी हिमालयावरील बर्फ आणि मोसमी पाऊस यांची सांगड घालून पाहिली आणि १८८६ पासून साऱ्या देशासाठी पावसाळ्याचे अधिकृत अनुमान प्रसिद्ध होऊ लागले. त्यांच्यामागून आलेल्या जॉन इलियट यांनी ही पद्धत अधिक विस्तृत केली, घटक वाढविले, पानेही वाढविली. मग १८९९ साल उजाडले. इलियट यांचे भाकित चांगल्या पावसाचे होते; पाऊस आलाच नाही. विक्रम संवत १९५६ चा म्हणून ‘छप्पनिया’ या नावाने तो दुष्काळ राजपुताना, गुजरात आणि माळव्याच्या स्मरणात अजून टोचतो. मारवाडात दुष्काळ पडला की गुरेढोरे घेऊन ज्या माळव्याकडे यावयाचे, त्या माळव्यातच या वेळी चारा नव्हता. सरदारपूर, झाबुआ, अलिराजपूरच्या टेकड्यांतील भिल्लांची जी वाताहत झाली, तिला मर्यादाच राहिली नाही, आणि १९०१ च्या खानेसुमारीत मध्य भारत एजन्सीची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीच्यापेक्षा घटलेली निघाली.

भाकित बरोबर आले असते तर भिल्ल वाचले असते, असे म्हणण्यात अर्थ नाही, कारण त्या भाकिताचा कागद त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा संभवच नव्हता. विचार करण्याजोगे आहे ते त्यानंतर सरकारने जे केले ते. वर्तमानपत्रांनी हवामान खात्याची रेवडी उडविली, लागोपाठची अनुमाने फसत गेली, आणि त्यावर उपाय म्हणून पुढील काही वर्षे पावसाळ्याचे अनुमान गोपनीय ठरविण्यात आले. ते सरकारी दप्तरात फिरे, प्रजेला दाखविले जात नसे. अनुमान अनिश्चित आहे, त्याची चूक किती होऊ शकते, हे सांगण्याऐवजी अनुमानच झाकून ठेवणे, ही दिवाणी बुद्धी त्या काळीच जन्मली असे नव्हे, पण तिचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडेल. इंग्लंडातही चाळीस वर्षांपूर्वी असेच घडले होते. ‘रॉयल चार्टर’ हे जहाज १८५९ मध्ये बुडाल्यावर ॲडमिरल फिट्झरॉय यांनी १८६१ पासून बंदरांना वादळाचे इशारे देण्यास आरंभ केला, पाठोपाठ वर्तमानपत्रात रोजचे अनुमान छापण्यास दिले, आणि चुकांबद्दल विद्वानांची व व्यापाऱ्यांची इतकी टीका सोसली की १८६५ मध्ये त्यांनी आत्मघात केला. त्यांच्या मृत्यूनंतर इशारे बंद करण्यात आले. आणि ते वर्षभरात पुन्हा सुरू करावे लागले, ते किनाऱ्यावरच्या नावाड्यांनी व कोळ्यांनी तगादा लावला म्हणून. दहांतली काही भाकिते चुकतात हे त्यांना पंडितांइतकेच दिसत होते, पण उरलेल्यांची किंमत त्यांना जिवावरून कळली होती. माळव्याच्या भिल्लाला असा तगादा लावण्यासाठी ना दरबार होता ना वर्तमानपत्र.

१९०४ मध्ये आलेले गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे गणिती. पावसाचा संबंध त्यांनी दक्षिण अमेरिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या वायुभाराशी जोडून पाहिला. त्यातून पुढे ज्याला जगाने ‘सदर्न ऑसिलेशन’ म्हटले आणि आज ‘एल निनो’च्या चर्चेत जे नाव दरवर्षी वर्तमानपत्रात येते, ते सूत्र हाती लागले. १९२८ मध्ये खात्याचे ठाणे सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकरांनी ‘सिमला ऑफिस’ म्हणावयास जी सुरुवात केली ती अद्याप सोडलेली नाही, आणि तिच्या भाकिताची थट्टा करावयासही त्यांनी तेव्हापासूनच सुरुवात केली असावी. तेथेच १९३२ मध्ये एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली शेतीच्या हवामानाचा स्वतंत्र विभाग निघाला. पीक, माती व हवा यांचा एकत्र अभ्यास प्रथमच झाला. आणि १९४५ मध्ये, बंदरावरच्या पहिल्या इशाऱ्यानंतर तब्बल ८० वर्षांनी, आकाशवाणीवरून प्रादेशिक भाषांत शेतकऱ्यांसाठी हवामानाचे वृत्त प्रसृत होऊ लागले.

माळव्याला स्वतःचे केंद्र मिळाले ते १९५५ मध्ये, इंदूरच्या मालवा हाऊसमध्ये. त्या केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रमातील नंदाजी आणि भेराजी ही जोडी ज्यांनी ऐकली, त्यांना ती विसरणे शक्य नाही: ठेट माळवी बोलीत एकाने शंका काढावी, दुसऱ्याने खोड काढीत तिचे निरसन करावे, आणि बोलता बोलता खत, बियाणे, कीड अशा विषयांतले सरकारी ज्ञान ओट्यावरच्या गप्पांसारखे ऐकणाऱ्याच्या गळी उतरवावे. प्रस्तुत लेखकाच्या मते हवामान खात्याच्या कोणत्याही यंत्राइतकीच ती योजना महत्त्वाची होती. जोशीबुवांची बोली आणि वॉकर यांचे शास्त्र यांची गाठ पडण्याची शक्यता येथे पहिल्यांदा निर्माण झाली.

पुढचा पल्ला सर्वांना परिचित आहे, म्हणून तो झटपट ओलांडता येतो. उपग्रह आले, रडार आले. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे १०,००० माणसे मेली, तर २०१३ च्या ‘फायलिन’मध्ये, लाखो लोकांना आधीच हलविल्यामुळे, मृतांची संख्या पन्नासाच्या आत राहिली. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकले. मार्गाचे भाकित अचूक होते, माणसे हलविली गेली, पण वारा ओसरल्यावर दिवेआगर-श्रीवर्धनच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या, विजेचे खांब आडवे आणि मोबाईलचे मनोरे मुके, अशी अवस्था कित्येक दिवस राहिली. बंदरावरची ती अकरावी खूण अशा वेळी साऱ्या तालुक्याला लावावी लागते. तेच वादळ पुढे विदर्भ व मध्य प्रदेशाकडे सरकत विरून गेले.

दरम्यान पठारावरचा पाऊसही पूर्वीचा राहिलेला नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखविले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील विस्तृत प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्या वाढीला अरबी समुद्रावरून येणारे बाष्प कारणीभूत आहे. मोसमाची बेरीज फारशी न वाढता पाऊस थोड्या दिवसांत कोंबला जातो. हे शेतकऱ्याला सांगावयाचे कसे? त्याला उद्याचे हवे आहे, शास्त्राला साठ वर्षांचे बोलावयाचे आहे. आणि लाल, नारिंगी, पिवळा हे जे रंग हल्ली नकाशावर भरले जातात, ते पाऊस किती पडेल याहून माणसाने कितपत सज्ज राहावे हे सांगण्यासाठी आहेत, एवढेही त्याला कोणी समजावून दिलेले नसते. वीज हा तर माळव्याचा खरा शत्रू. वीज पडून मरणाऱ्यांच्या संख्येत मध्य प्रदेश वारंवार देशात अग्रभागी असतो. त्याच पुण्याच्या संस्थेने ‘दामिनी’ नावाचे ॲप काढले आहे, ते २० आणि ४० किलोमीटरच्या परिघातील विजेची सूचना देते. सोयाबीनच्या रानात निंदणी करणाऱ्या मजूर बाईच्या हाती तसा फोन नसतो, आणि असला तर तो बांधावर पिशवीत असतो.

अशा वेळी काय उरते, हे धार जिल्ह्याने २०२२ च्या ऑगस्टात पाहिले. धरमपुरी तहसिलीत कोठीदा गावाजवळ कारम नदीवर ३०४ कोटी रुपये खर्चाचे एक धरण बांधले जात होते; ते पुरे होण्यापूर्वीच पावसाने त्यात पाणी साठले आणि ११ ऑगस्टच्या सुमारास मातीच्या भिंतीतून पाझर दिसू लागला. धरण फुटले असते तर खालच्या बाजूची धार व खरगोन जिल्ह्यांतील १८ गावे आणि आग्रा-मुंबई महामार्ग पाण्याच्या वाटेत होता. माणसांना घरे सोडून टेकड्यांवर जावयास सांगण्यात आले, लष्कराला बोलावण्यात आले, महामार्गाची वाहतूक अडविण्यात आली, आणि यंत्रांनी भिंतीच्या कडेने चर खणून पाण्याला वाट करून देण्याचे काम रात्रंदिवस चालले.

येथे ना चक्रीवादळ होते ना बावटा. मध्य प्रदेशात गावोगाव कोटवार म्हणून एक जुना गावनोकर अद्याप आहे, जमीन महसुलाच्या कायद्याने त्याचे पद टिकविले आहे, आणि मुनादी देणे, म्हणजे आपल्याकडची दवंडी, हे त्याचे परंपरागत काम. संकटाच्या वेळी त्याच्या हाकेने दार उघडते, कारण ज्याच्या दारात तो उभा असतो त्याने त्याला लहानपणापासून पाहिलेले असते. गुरे सोडून निघावयास लोक नाखूष असतात, दागिने-दाणागोटा बांधताना वेळ मोडतो, कोणी मध्येच परत फिरतो. ही सारी हुज्जत कोणा तरी ओळखीच्या माणसाला घालावी लागते, आणि हवामानाच्या कोणत्याही नकाशावर तिच्यासाठी खूण नाही. १४ ऑगस्टच्या संध्याकाळी चरातून पाण्याचा मोठा लोंढा सुटला, कारमच्या पात्राने तो खाली वाहून नेला, काठची शेते दगडगोट्यांखाली गेली, आणि १८ गावांतले एकही माणूस दगावले नाही.